तू सिगारेटचंच विचारलंस

१२ जानेवारी

छोट्या,

काल फोनवर तू हसलास म्हणून मी फोन ठेवून दिला. परत करू नकोस. फोनवर तू मला नेहमी गुंडाळतोस, आणि मी ओरडून दमले की हळूच विषय बदलतोस. कागदावर तुला मधे बोलता येणार नाही.

भिंगरीला तिसऱ्यांदा पकडलं. शाळेच्या व्यायामशाळेमागे भिंतीला टेकून, बूट काढून, एकटीच आरामात ओढत बसली होती. मुख्याध्यापिकांनी मला कामावरून बोलावून घेतलं. मी पांढऱ्या कोटातच गेले. मी दिवसभर काय करते ते तुला माहीत आहे. माणसांच्या नाकाला चिमटा लावते, तोंडात पुठ्ठ्याची नळी देते आणि ओरडते, फुंका, अजून, अजून, सोडू नका. समोरच्याच्या छातीत फुंकायला काही उरलेलं नसतं, तरी ओरडते. आपल्या बाबांचे शेवटचे महिने तूही पाहिलेस. त्या खोलीतून उठून मी शाळेत गेले, तर माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीने खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "अजून चार आहेत, बघून घ्या."

तू हसलास ते इथेच.

तिचे बाबा महिन्यातले बरेचसे दिवस ट्रकवर असतात. मी घरी येते तेव्हा दिवे लागलेले असतात. शाळा दुपारीच सुटते. मधल्या वेळात काय करतेस विचारलं तर म्हणते, काही नाही. हे "काही नाही" मला तिच्या आयुष्यातून काढून टाकायचं आहे. तिला तुझ्याकडे ठेवून घे. तुझ्या गावातल्या शाळेत घाल, आणि तुझ्या त्या बोटींच्या क्लबात इतकी राबव की संध्याकाळी तिला काडी ओढायचंही त्राण उरता कामा नये.

माझी अट एकच. तिने एकही सिगारेट ओढायची नाही. तिच्याबरोबर फुंकायचं एक छोटं मीटर पाठवते आहे. दर आठवड्याला त्याचा आकडा मला कळला पाहिजे.

ताई

२० जानेवारी

ताई,

हसलो ते तिच्या उत्तराला. तुला हसायची माझी अजून छाती नाही.

पाठव तिला. वरची खोली रिकामी आहे. शाळेत बोललोय. माझ्याकडे येणाऱ्या पोरी पहिल्या दिवशी शेडचा जिना चढून धापा टाकतात. सहा महिन्यांनी त्याच पोरी खांद्यावर बोट घेऊन धावत धक्क्यावर जातात. त्यांना कुणी उपदेश केलेला नसतो. पहाटे पाण्यावर जायचं असेल तर रात्री लवकर झोपावं लागतं, आणि वल्हं मारायचं असेल तर छाती लागते, हे त्यांचं त्यांना कळतं.

माझा नियम ऐक. रोज सकाळी बोट पाण्यात टाकायच्या आधी मी रांगेतल्या प्रत्येकीचा श्वास हुंगतो. तंबाखूचा वास आला की ती पोरगी बोटीतून खाली. कारणं ऐकत नाही, कुणाची मुलगी आहे ते बघत नाही. म्हणून माझ्या शेडमध्ये कुणी ओढत नाही. क्लबाच्या समितीतले म्हातारे मला हुकूमशहा म्हणतात. म्हणेनात. त्यांच्या स्वतःच्या नाती माझ्याकडेच पाठवतात.

तू इतकी चिडू नकोस. पोरगी वाईट नाही, तिला टीम नाही इतकंच. मी तिला टीम देतो.

छोट्या

२ मार्च

आई,

कुरिअरने पार्सल धाडतात तसं तू मला धाडलंस. पार्सल पोचलं. कोपरे चेपलेत.

हाताला फोड आले, ते फुटले, त्यावर पुन्हा आले. इथे ते एकमेकींना दाखवतात, दागिने दाखवावेत तसे. शेडमध्ये मामाला मामा म्हटलं की दहा जोर, म्हणून मी त्याला घरीसुद्धा सर म्हणते. त्याला राग येतो. मला बरं वाटतं.

बोट चौघींची आहे आणि सुकाणू धरायला पाचवी. आम्ही चौघी पाठमोऱ्या बसतो, त्यामुळे कुठे चाललोय ते आम्हाला दिसतच नाही. फक्त सुकाणूवालीला दिसतं. ती ओरडते, आम्ही ओढतो. (वल्हं. लगेच कागद हुंगू नकोस.)

मला इथे आवडत नाही असं लिहिणार होते. पण काल पहिल्यांदा चारही वल्ही एकदम पाण्यात पडली आणि बोट अशी सुटली की मी ओरडलेच. ते तुला सांगता येणार नाही. तू सारखी जमिनीवर असतेस.

हंगामाच्या शेवटच्या शर्यतीनंतर नव्या मुलींना टीममध्ये घेतात. तोवर आम्ही पाहुण्या. त्याचा काहीतरी विधी असतो, पण काय करायचं असतं ते कुणी सांगत नाही. जुन्या मुली नुसत्या एकमेकींकडे बघून हसतात. मला जरा भीती वाटते.

आकडा वाढलाय. मीटरचा काटा हिरव्या पट्ट्यात गेला. खूश?

भिंगरी

१५ मार्च

भिंगरे,

पार्सल इतकं बोलत नाही. तू फार बोलतेस.

आकडा पाहून मी कामावर सगळ्यांना सांगितलं. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, आता तरी कपाळावरची आठी काढा. काढलेली नाही. तू मला दोन वर्षं खोटं सांगत होतीस, ते दोन महिन्यांत फिटत नाही. मामाला सर म्हणून छळू नकोस, तो तुझ्यासाठी खूप करतो आहे.

तुमच्या विधीबिधीचं तुमचं तुमच्यापाशी ठेवा. मुलींच्या गमतीजमती असतात. भीती कसली त्यात. मला एकच सांग, आणि खरं सांग. तिथे गेल्यापासून एकतरी ओढलीस?

आई

९ नोव्हेंबर

आई,

नाही. एकही नाही. ओढावीशी वाटतसुद्धा नाही. प्रत्येक पत्रात, प्रत्येक फोनवर तू हेच विचारतेस. कधीतरी दुसरं काहीतरी विचार ना.

मी आता बोटीची प्रमुख आहे. चौघींना मी बसवते, मी उठवते. आमच्याकडे नवी सुकाणूवाली आली आहे. तेरा वर्षांची, एवढासा जीव, पण आवाज असा की पलीकडच्या काठावरचे लोक थांबून बघतात. तिला आम्ही पिपाणी म्हणतो. तिची आई शाळेची बस चालवते आणि तिला आणायला तीच पिवळी बस घेऊन येते. पिपाणी माझ्या मागेमागे असते. मी केस बांधले की ती बांधते, मी डावा मोजा आधी घातला की तीही. परवा मी तिला म्हटलं, माझ्यासारखी होऊ नकोस, मला इथे सिगारेटसाठी पाठवलंय. तर तिने विचारलं, "मग मला कशासाठी पाठवलंय?"

पुढच्या उन्हाळ्यात मोठ्या संघाची निवड आहे. सर म्हणतात माझं नाव नक्की. आकडा पट्ट्याच्याही वर गेलाय.

भिंगरी

३० मे

ताई,

घाईत लिहितोय. आधी चांगली बातमी. मोठ्या संघाच्या यादीत भिंगरीचं नाव आहे. पक्कं पत्र पुढच्या महिन्यात येईल. तिच्या बाबांना कळव, ट्रकमधून खाली उतरून नाचतील.

दुसरी गोष्ट बारीक आहे, पण तुझ्या कानावर बाहेरून यायला नको. रविवारच्या शर्यतीनंतर आमच्या छोट्या सुकाणूवालीला बरं वाटेनासं झालं. ऊन होतं, पोरीने सकाळपासून नीट खाल्लं नव्हतं. दवाखान्यात न्यावं लागलं. आता ठीक आहे. तिची आई जरा भडक डोक्याची बाई आहे आणि इकडेतिकडे फोन करत सुटली आहे. तुला आला तर सांग, मला काही माहीत नाही, आणि खरंच तुला नाहीच. उगाच शब्दाला शब्द वाढवू नकोस.

भिंगरी अभ्यासात आणि सरावात आहे. काही दिवस तिला फोन करू नकोस, मन विचलित होतं.

छोट्या

२ जून

छोट्या,

फोन आला. ती बाई भडक डोक्याची नाही. भडक डोक्याची मी आहे. ती इतक्या शांतपणे बोलली की मी कामावरच्या खुर्चीत बसून राहिले आणि समोरचा पेशंट नाकाला चिमटा लावून माझ्याकडे बघत राहिला.

तिने विचारलं, "तुमची मुलगी माझ्या मुलीच्या तोंडाला दारूचा डबा धरून उभी होती, हे तुम्हाला माहीत आहे का?"

मी म्हणाले, मला काही माहीत नाही. तू शिकवलं होतंस तेच वाक्य. ते माझ्या तोंडून बाहेर पडलं आणि मला स्वतःची किळस आली.

मग तिने सांगितलं. ऊन नव्हतं. उपाशीपोटाचं काही नव्हतं. तेरा वर्षांच्या पोरीच्या पोटात डबाभर दारू होती. ती गार पडली होती, हाक मारली तर डोळे उघडत नव्हती. दवाखान्यात नळ्या घातल्या. शुद्धीवर यायला दुसरा दिवस उजाडला. शुद्धीवर आल्यावर त्या पोरीने पहिलं काय विचारलं माहीत आहे? मी डबा खाली ठेवला नव्हता ना, आता मी टीममध्ये आहे ना?

तू याला बारीक गोष्ट म्हणतोस. बरं नाही वाटलं म्हणतोस.

भिंगरी फोन उचलत नाही. म्हणून तुला विचारते, आणि कागदावर उत्तर हवं. हे किती वर्षं चाललं आहे? दारू कुठून येते? त्या वेळी तू कुठे होतास? आणि माझ्या मुलीच्या तोंडाला गेल्या वर्षी हा डबा कुणी धरला होता?

माझी पोर सिगारेट ओढते म्हणून मी तिला तुझ्याकडे पाठवली. एकटी बसून एक ओढायची. तू तिला चारचौघींत बसून दुसऱ्याच्या लेकराला पाजायला शिकवलंस.

ताई

६ जून

ताई,

तू मला जाब विचारतेस तर ऐक.

तू सिगारेटचंच विचारलंस. प्रत्येक वेळी. मी तुला सिगारेटचं खरं सांगितलं. तुझ्या मुलीची छाती आज कशी आहे ते तुझ्याच मीटरला विचार. मी तुझ्याशी एक शब्द खोटा बोललेलो नाही.

डब्याचं म्हणशील तर ती माझ्या आधीपासूनची पद्धत आहे. बोटीत शिरलेलं पाणी ज्या डब्याने उपसतात तो डबा. हंगाम संपला की नव्या पोरीने तो भरून घ्यायचा आणि तळ दिसेपर्यंत खाली ठेवायचा नाही. मी पंधरा वर्षांचा असताना प्यालोय. समितीतले म्हातारे प्यालेत. एकच डबा, एकच माप, कुणी लहान नाही, कुणी मोठी नाही. टीम अशीच बांधली जाते. वर्षातून एकदा पोरी थोडी मजा करतात. बाकीचे दिवस त्या पहाटे उठून पाण्यावर असतात, हे कुणी बघत नाही. त्यांच्या वयाच्या बाकीच्या पोरी काय करतात ते बघ जरा.

दारू क्लबाच्या जुन्या मुली आणून ठेवतात. वरच्या कपाटात असते. मी तेव्हा तिथे नसतो. शर्यत झाली की मी मोटरबोट नदीच्या वरच्या वळणापर्यंत नेऊन बांधून येतो. ते काम मलाच करावं लागतं. मी पाहिलेलं नाही, म्हणून मी काय झालं ते सांगूही शकत नाही.

आता नीट विचार कर. तू आणि ती बसवाली मिळून समितीकडे गेलात, तर पहिलं नाव कुणाचं येईल? कपाट उघडलं भिंगरीने. डबा भरला भिंगरीने. धरला भिंगरीने. मोठ्या संघातून नाव जाईल, आणि या क्लबातूनही. ज्या एका गोष्टीने ती सुधारली तीच तू तिच्या हातातून काढून घेशील. मी पोरीला समजावलंय की किल्ली तिने माझ्या टेबलाच्या खणातून न विचारता घेतली असं सांगायचं. ती सोळा वर्षांची आहे, तिला समज देऊन सोडतील. मी गेलो तर क्लब बंद पडेल.

रागात काही करू नकोस.

छोट्या

७ जून

आई,

मामा खालच्या खोलीत तुला पाकीट चिकटवत बसला होता. मी विचारलं काय लिहिलंस, तर म्हणाला, मोठ्यांचं आहे. म्हणून मी माझं लिहिते.

किल्ली मी खणातून घेतली नाही. मामा मोटरबोटीकडे जाताना ती कपाटाच्या कुलपातच ठेवून जातो. दर वर्षी. जाताना म्हणतो, "मी जरा वळणावर आहे, टीमचं टीमपाशी." आणि फोन बंद करतो. डबा पिण्याच्या त्या विधीला इथे उपसा म्हणतात. उपशाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रांग लागते, पण तो श्वास हुंगत नाही. म्हणतो, आज सूट. आता तूच सांग, त्याला माहीत नसतं का.

गेल्या वर्षी मी प्याले. दुसऱ्या दिवशी सुट्टीला घरी आले. बसस्टॉपवरच तू माझं तोंड हुंगलंस. मी सकाळपासून चार वेळा दात घासले होते आणि वेलदोडे चघळले होते. तू म्हणालीस, "छान, सिगारेट नाही." डोकं दुखतंय म्हटलं तर उन्हातून आलीस म्हणालीस आणि गोळी दिलीस. त्याआधी मी तुला लिहिलं होतं की काहीतरी विधी आहे आणि मला भीती वाटते. तू लिहिलंस, तुमचं तुमच्यापाशी. मामा म्हणतो टीमचं टीमपाशी. तुम्ही दोघं एकाच घरात वाढलात हे लगेच कळतं.

त्यानंतर फक्त उपसाच नव्हता. जिंकलो की प्यायची, हरलो की प्यायची. जुन्या मुलींपैकी कुणाच्या तरी घरी. सिगारेट कुणीही काढत नाही, कुणी काढली तर बाकीच्या तिला हाकलतील. पण ग्लास नको म्हटलं तर सगळ्या एकदम गप्प होतात. घरी असताना मला वाटलं तर मी ओढायचे, नाही वाटलं तर नाही. मी एकटी होते. इथे मला कुणी एकटं सोडत नाही. मला ते आवडायचं. अजूनही आवडतं, हे तुला लिहायची लाज वाटते, पण खरं आहे.

पिपाणीचं सांगते. मी म्हटलं होतं तिला अर्धा डबा देऊ. बोटीतल्या दोघी म्हणाल्या, माप बदललं तर तो उपसा कसला, तिला पुढच्या वर्षी पुन्हा द्यावा लागेल. पिपाणीच म्हणाली, मला पूर्ण द्या. मी धरला. तिने मधे थांबून माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "खाली ठेवलास तर पुन्हा पहिल्यापासून." मला तेच म्हणाले होते. मग तिने सगळा संपवला आणि सगळ्यांनी तिला उचलून घेतलं. थोड्या वेळाने ती दोरांच्या ढिगावर बसली, हसली, आणि घसरली. बाकीच्या म्हणाल्या, झोपू दे तिला. मी तिचा हात धरला तर तो गार होता. मामाचा फोन बंद. मी तिला पाठीवर घेऊन रस्त्यावर गेले आणि एका भाजीच्या टेम्पोसमोर उभी राहिले. मामा दवाखान्यात आला तो संध्याकाळी, आणि आधी मला बाजूला घेऊन विचारलं, तू डॉक्टरांना काय सांगितलंस?

मला घरी न्यायला येऊ नकोस. मी पळून जाणार नाही. आणि तू माझ्या बाजूने खोटंही बोलू नकोस, मामाने तुलाही काहीतरी शिकवलं असेल.

भिंगरी

११ जून

छोट्या,

तुझं पत्र आणि तिचं पत्र एकाच दिवशी आलं. दोन्ही शेजारी ठेवून वाचली.

तू लिहितोस, मी तिथे नसतो. तुला वाटतं हा तुझा बचाव आहे. तीच तर तुझी चूक आहे. तू नसतोस. दर वर्षी त्याच दिवशी, त्याच वेळी, कपाटाला किल्ली लावून, फोन बंद करून तू नसतोस. न बघायलाही तयारी लागते, आणि ती तू अगदी मन लावून केलेली आहेस. बाकी सगळीकडे नाक खुपसणारा माणूस तू, एका दिवसापुरतं नाक बाजूला ठेवतोस.

मी सिगारेटचंच विचारलं हे खरं आहे. बाबांना जाताना पाहिलं आणि मला दुसरं काही दिसेनासं झालं. त्याबद्दल मी माझ्या मुलीशी बोलेन. तुझ्याशी नाही. तुला माझा प्रश्न चुकीचा आहे हे कळत होतं. तू मला गाठून सांगू शकत होतास, ताई, दुसरंही विचार. तू माझ्या चुकीच्या प्रश्नाआड बसून राहिलास, आणि आता अभिमानाने लिहितोस की मी एक शब्द खोटा बोललो नाही.

क्लब बंद पडेल म्हणतोस. पोरी पहाटे उठतात, त्यांची छाती भरते, त्या एकमेकींना धरून असतात. ते मला दिसतं. माझ्या मुलीला ती बोट आवडते, हे मी तिच्या पत्रातून वाचलं आहे, आणि ते तिच्या हातून जावं असं मला वाटत नाही. म्हणून तर मला इतका संताप येतो. तुझ्याजवळ इतकी चांगली गोष्ट होती की पोरी तिच्यासाठी काहीही करायला तयार होत्या. आणि तू त्यांच्याकडून हे करून घेतलंस.

पहिलं नाव भिंगरीचं येईल म्हणतोस. येऊ दे. तिने केलं आहे. दुसरं तुझं येईल. सोळा वर्षांच्या पोरीला तू तुझ्यासाठी खोटं बोलायला शिकवतोस, आणि वर सांगतोस तिला समज देऊन सोडतील. तुला कुणी समज द्यायची?

समितीची बैठक पुढच्या शनिवारी आहे असं पिपाणीच्या आईने कळवलं. मी येते आहे. तुझ्या घरी उतरणार नाही. बैठकीत मी त्या बाईंच्या शेजारी बसेन, त्यांना चालणार असेल तर. चालणार नसेल तर मागे उभी राहीन.

ताई

४ जुलै

ताई,

झालं तुझ्या मनासारखं? मला शेडमध्ये पाऊल टाकायची बंदी केली, वर्षभरासाठी. पुढचं पुढे ठरवतील. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही. त्यातल्या तिघांनी मला लहानपणी डबा दिला होता.

तुझी मुलगी कुणी विचारायच्या आत उभी राहिली आणि कपाटापासून टेम्पोपर्यंत सगळं सांगून मोकळी झाली. तू तिथे होतीस, तू ऐकलंस. किल्लीचं सांगताना तिने माझ्याकडे बघितलं, आणि मामा म्हणाली. सर नाही. मुद्दाम म्हणाली की चुकून, ते मला अजून कळलेलं नाही.

मोठ्या संघाचं पत्र आलं, त्यात तिचं नाव नाही. तुला कळलं असेलच. बाकीच्या मुली तिच्याबरोबर बोटीत बसायला तयार नाहीत, म्हणून ती एकट्याची छोटी बोट घेऊन जाते, क्लबाचा जुना सुतार लक्ष ठेवतो. पिपाणी परत आलेली नाही. तिची आई बस घेऊन धक्क्याजवळून जाते, पण थांबत नाही.

आणि तुझ्या न्यायाचं फळ ऐक. नवा माणूस मिळेपर्यंत संध्याकाळचा सराव बंद आहे. पोरींना करायला काही नाही. परवा मी पुलावरून येत होतो. खाली दोघी बसल्या होत्या, आपल्याच चौघींतल्या. एकीच्या हातात सिगारेट होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ज्या पोरींना मी रोज पहाटे रांगेत उभं करून सांभाळलं, त्या आता पुलाखाली धूर काढत बसतात. तुला हवं होतं ना, सगळं बाहेर यावं? आलं बाहेर. बघ आता.

छोट्या

८ जुलै

छोट्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. एक गोष्ट शोधत होते. पुलावरून तुला त्या दोघी दिसल्या, एकीच्या हातात काय होतं तेही दिसलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा हेही तुझ्या लक्षात आलं. मग तू घरी गेलास, कागद घेतलास आणि मला पत्र लिहिलंस. खाली उतरून त्यांच्याशी काय बोललास ते कुठेच लिहिलेलं नाही.

तुला शेडमध्ये जायची बंदी आहे. पुलाखाली जायची नाही. जा.

ताई